अधिकार त्याचा, सेवा आपली : जॉर्ज म्युलर यांचे जीवन

देवावर आपला विश्वास आहे, असे आपण सहज म्हणतो. सकाळी हात जोडतो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असेही म्हणतो. परंतु घरातले पैसे संपत आले, नोकरी धोक्यात आली किंवा घरचे माणूस आजारी पडले, की तोच विश्वास डळमळू लागतो. हात जोडलेले असतात, पण मन मात्र कोणाकडे मागायला जावे, कोणाची ओळख काढावी, याचाच हिशेब करत असते. हा अनुभव तुम्हालाही आला असेल, तर १९व्या शतकातील एका ख्रिस्ती भक्ताचे जीवन तुम्ही अवश्य जाणून घ्यावे. त्यांचे नाव जॉर्ज म्युलर. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात त्यांनी आपल्या हयातीत १०,००० हून अधिक अनाथ मुलांचा सांभाळ केला, आणि त्यासाठी कोणाही माणसाकडे कधी पैसा मागितला नाही. जे मागायचे ते फक्त देवाकडे मागितले.

हे वाचून वाटेल की म्युलर जन्मापासूनच संतवृत्तीचे असावेत. तसे मुळीच नव्हते.

वडिलांच्या पेटीतील पैसे

जॉर्जचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियातील, म्हणजे आजच्या जर्मनीतील, क्रोपेनश्टेट या गावी झाला. वडील सरकारी कर वसूल करणारे अधिकारी होते. वसुलीची रक्कम घरात असे, आणि दहा वर्षांचा होण्याआधीच जॉर्ज त्यातून पैसे चोरू लागला होता. वडिलांना संशय आला. त्यांनी एकदा रक्कम मोजून खोलीत ठेवली आणि मुलाला तिथे एकटे सोडले. जॉर्जने पैसे उचलले आणि बुटात पायाखाली लपवले. झडती झाली, चोरी सापडली, शिक्षाही झाली. परंतु सवय सुटली नाही. पुढच्या वेळी अधिक हुशारीने चोरी कशी करावी, एवढाच धडा त्याने घेतला.

तो १४ वर्षांचा असताना आई वारली. त्या रात्री घरात काय घडते आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. तो मध्यरात्र उलटून जाईपर्यंत पत्ते खेळत बसला होता. १६व्या वर्षी तो ऐटीत हॉटेलांत राहिला, पण बिल द्यायला पैसे नव्हते. पोलिसांनी धरले आणि वोल्फेनब्युटल येथील तुरुंगात त्याला २४ दिवस काढावे लागले. गंमत अशी, की वडिलांनी याच मुलाला धर्मोपदेशक करायचे ठरवले होते. त्यामागे भक्ती नव्हती. उत्पन्न चांगले मिळते, राहायला घर मिळते आणि म्हातारपणी आपलीही सोय होईल, हा व्यवहारी विचार होता. त्यासाठी जॉर्ज हाले येथील विद्यापीठात दाखल झाला. धर्मशास्त्राचा विद्यार्थी असूनही त्याच्याजवळ स्वतःचे बायबल नव्हते.

गुडघे टेकलेला माणूस

नोव्हेंबर १८२५ मधील एका शनिवारी संध्याकाळी एक मित्र त्याला एका साध्या व्यापाऱ्याच्या घरी घेऊन गेला. तिथे काही माणसे प्रार्थनेसाठी जमत असत. भजन झाले, मग एक जण गुडघे टेकून देवाशी बोलू लागला. जॉर्ज थक्क होऊन पाहत राहिला. गुडघे टेकून प्रार्थना करणारा माणूस त्याने आयुष्यात प्रथमच पाहिला होता. तो व्यापारी काही मोठा पंडित नव्हता. जॉर्जचे शिक्षण त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. तरीही आपल्याला अशी प्रार्थना करता येणार नाही, हे त्याच्या लक्षात आले.

त्या संध्याकाळी कोणताही चमत्कार झाला नाही. कोणी त्याला उपदेशही केला नाही. पण आपल्या वर कोणीतरी आहे आणि त्याच्यापुढे वाकण्यात आनंद आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. तिथून त्याचे जीवन बदलू लागले. पैसे उडवणे सुटले, खोटे बोलणे कमी होत गेले. पुढे शिक्षणासाठी वडिलांकडून पैसे घेणेही त्याने बंद केले, कारण वडिलांच्या मनातील सुखवस्तू धर्मोपदेशक होण्याची इच्छा त्याला उरली नव्हती.

पगाराचा त्याग

१८२९ मध्ये म्युलर लंडनला आले आणि पुढच्या वर्षी डेव्हन परगण्यातील टिनमथ येथे एका लहानशा मंडळीचे धर्मसेवक झाले. तिथेच ७ ऑक्टोबर १८३० रोजी मेरी ग्रोव्ह्ज यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी चर्चमधील बाकांसाठी भाडे घेतले जाई आणि त्यातून धर्मसेवकाचा पगार निघे. ज्याच्याजवळ पैसा त्याला पुढचे चांगले बाक, आणि गरिबाला मागची जागा. देवाच्या घरात असा भेद म्युलर यांना पटेना. शिवाय भाडे देणारा मनापासून देतो की नाइलाजाने, हेही कळत नसे. लग्नानंतर काही दिवसांतच त्यांनी ठरलेला पगार सोडून दिला. चर्चमध्ये एक पेटी ठेवली. ज्याला इच्छा होईल त्याने त्यात टाकावे. आपली गरज मात्र कोणालाही सांगायची नाही, असे पती-पत्नींनी ठरवले. मेरीबाईंची साथ नसती, तर हे व्रत एक महिनाही टिकले नसते. घरात धान्य नसताना शेजारणीजवळही अवाक्षर न काढणे किती अवघड आहे, हे संसार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

अनाथालय कशासाठी?

१८३२ मध्ये म्युलर आपले मित्र हेन्री क्रेक यांच्यासह ब्रिस्टलला आले. त्याच वर्षी शहरात पटकीची साथ पसरली. आईबाप गमावलेली मुले रस्त्यांवर दिसू लागली. गरीब अनाथ मुलांच्या वाट्याला त्या काळी बहुधा सरकारी श्रमगृह येई, आणि तिथले जिणे फार कठोर असे.

मुलांविषयीची करुणा हे अनाथालयामागचे एक कारण होतेच. परंतु म्युलर यांनी दुसरे कारण त्याहून मोठे मानले. त्यांच्या ओळखीचा एक भाविक रोज १४ ते १६ तास राबत असे. शरीर खंगले होते, प्रार्थनेला वेळ उरत नव्हता. काम थोडे कमी करून देवावर भरवसा ठेव, असे सांगितले तर त्याला ते खरे वाटत नसे. काम कमी केले तर कुटुंब उपाशी मरेल, ही भीती. अशी कितीतरी माणसे म्युलर रोज पाहत होते. त्यांना केवळ प्रवचन देऊन भागणार नव्हते. देव आजही जिवंत आहे आणि त्याच्यावर विसंबणाऱ्याला तो सोडत नाही, याचा सर्वांना दिसेल असा पुरावा हवा होता. एका गरीब माणसाने, कोणाकडेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालय चालवून दाखवले, तर तो पुरावा ठरेल, असे त्यांना वाटले. हाले येथे फ्रांके नावाच्या भक्ताने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोठे अनाथालय उभारले होते. त्या फ्रांके यांचे चरित्र १८३५ च्या अखेरीस पुन्हा वाचनात आले आणि म्युलर यांचा निश्चय पक्का झाला.

त्यांनी देवाजवळ घर, १,००० पौंड आणि योग्य सेवक मागितले. सभेत आपला विचार मांडला, पण त्या सभेत वर्गणी गोळा केली नाही. हळूहळू देणग्या येऊ लागल्या. कोणी ताटल्या दिल्या, कोणी कापड, कोणी एक शिलिंग. शिवणकाम करून आठवड्याला जेमतेम काही शिलिंग मिळवणाऱ्या एका आजारी स्त्रीने १०० पौंड आणून दिले. तिला वडिलोपार्जित काही रक्कम मिळाली होती. म्युलर यांनी ते पैसे लगेच घेतले नाहीत. भावनेच्या भरात ती देत नाही ना, नंतर तिला पश्चात्ताप होणार नाही ना, हे त्यांनी तिच्याशी बोलून नीट पारखले आणि मगच रक्कम स्वीकारली.

मुलांचे अर्ज घेण्याचा दिवस ठरला. म्युलर दोन तास वाट पाहत बसले. एकही अर्ज आला नाही! घरी परतताना त्यांच्या ध्यानात आले, की आपण पैसे मागितले, घर मागितले, सेवक मागितले, पण मुले पाठव, अशी प्रार्थना केलीच नाही. अनाथ मुले काय, मिळतीलच, असे त्यांनी गृहीत धरले होते. त्या संध्याकाळी त्यांनी नम्रपणे तेही देवाजवळ मागितले आणि दुसऱ्याच दिवशी पहिला अर्ज आला. एप्रिल १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात मुलींचे पहिले अनाथालय सुरू झाले.

या प्रसंगावर थोडे थांबून विचार करा. जे आपल्याला सहज मिळते, ते आपण देवाकडून आलेले मानत नाही. अडचणीत तेवढा देव आठवतो. म्युलर यांनी त्या दिवसापासून काहीच गृहीत धरायचे नाही, असा धडा घेतला.

रोजची कसोटी

१८३८ च्या सप्टेंबरमध्ये फार ओढाताण झाली. मुलांची संख्या वाढली होती आणि हातात पैसा उरला नव्हता. उधारी करायची नाही, हा नियम. म्हणजे रोख पैसे नसतील तर पावही घ्यायचा नाही. एके दिवशी जवळच्या वस्तू विकण्याचा विचार करण्याइतकी वेळ आली. त्याच दुपारी लंडनहून आलेल्या एका बाईंनी आपल्या मुलीने पाठवलेली रक्कम आणून दिली. त्या बाई ब्रिस्टलला येऊन चार-पाच दिवस झाले होते आणि मुलांच्या अनाथालयाच्या अगदी शेजारी उतरल्या होत्या. म्हणजे ज्या दिवसांत म्युलर पै-पैसाठी प्रार्थना करत होते, त्या दिवसांत मदत भिंतीपलीकडे येऊन पोहोचलेली होती! देव द्यायला विसरला नव्हता. भरवसा शेवटपर्यंत टिकतो का, एवढेच पाहत होता, असे म्युलर यांनी मानले.

त्यांच्यावर टीकाही झाली. ते मागत नाहीत हे खरे, पण दरवर्षी अहवाल छापतात, त्यातून लोकांना गरज कळतेच की, असे काहींचे म्हणणे होते. टीकेत तथ्य नव्हते असे नाही, कारण अहवाल वाचून अनेकांनी दान दिले. परंतु १८४१ च्या डिसेंबरमध्ये, जेव्हा तिजोरी जवळजवळ रिकामी होती, तेव्हाच म्युलर यांनी वार्षिक सभा आणि अहवाल मुद्दाम पुढे ढकलला. टंचाईच्या वेळी अहवाल काढला तर ते अप्रत्यक्ष मागणे ठरेल, असे त्यांना वाटले. पुढचे काही महिने फार कठीण गेले, पण त्यांनी नियम मोडला नाही. मुलांचे मात्र एकही जेवण चुकले नाही, अशी त्यांची साक्ष आहे.

लहानपणी सरकारी पैसा चोरणारा हा माणूस आता पेनी-पेनीचा हिशेब लिहीत होता. प्रत्येक देणगीची पावती दिली जाई, पण दात्याचे नाव छापले जात नसे. एकदा एका गृहस्थाने म्युलर आणि त्यांच्या कुटुंबाच्या भविष्यासाठी ठेव म्हणून १०० पौंड पाठवले. त्यांनी ते नम्रपणे परत केले. थोड्याच दिवसांत त्याच गृहस्थाने तेवढीच रक्कम अनाथ मुलांसाठी दिली. पैसा देवाचा, मुले देवाची, आपण फक्त त्याच्या पेढीवरचे मुनीम, ही त्यांची भूमिका होती. मुनीम मालकाचा पैसा आपला समजत नाही, आणि पेढी कशी चालेल या काळजीने रात्रभर जागतही नाही.

ॲशली डाउनवरील पाच इमारती

विल्सन स्ट्रीटवर मुलांचा गलबला वाढला. १८४५ मध्ये एका रहिवाशाने सौजन्याने पत्र लिहून शेजाऱ्यांचा त्रास कळवला. म्युलर रागावले नाहीत. पत्रात तथ्य आहे का हे तपासले, प्रार्थना केली आणि शहराबाहेर स्वतःच्या इमारती बांधायचे ठरवले. ॲशली डाउन येथील जमीन त्यांना आवडली. ते मालकाला भेटायला घरी गेले, तर तो कचेरीत. कचेरीत गेले, तर तो घरी निघून गेलेला. आपण असतो तर पुन्हा धावलो असतो. म्युलर मात्र, यातही देवाचा हात असेल, असे म्हणून परतले. दुसऱ्या दिवशी मालकाने सांगितले, की रात्री ३ ते ५ त्याला झोपच लागली नाही. मनात सारखा या जमिनीचाच विचार येत होता. एकरी २०० पौंडांऐवजी १२० पौंडांनी ती द्यायची, असे त्याने ठरवून टाकले होते.

१८४९ मध्ये पहिली इमारत ३०० मुलांसाठी उघडली. १८७० पर्यंत पाच इमारती उभ्या राहिल्या आणि २,००० हून अधिक मुलांची सोय झाली. मुलांना नुसते पोटभर अन्न नव्हे, तर चांगले शिक्षण मिळे. गिरण्या-कारखान्यांना मजूर मिळेनासे होतील, अशी तक्रार करण्याइतके ते चांगले होते!

१८५७ च्या नोव्हेंबरअखेर एक बिकट प्रसंग आला. पहिल्या इमारतीला ऊब देणारा बॉयलर गळू लागला. दुरुस्तीसाठी तो विझवणे भाग होते आणि बोचरा उत्तरेचा वारा सुटला होता. ३०० मुले थंडीत कशी राहणार? म्युलर यांनी दोन गोष्टी मागितल्या : वारा दक्षिणेचा व्हावा आणि कारागिरांना मनापासून काम करण्याची बुद्धी व्हावी. आदल्या संध्याकाळपर्यंत उत्तरेचाच वारा होता. दुरुस्तीच्या दिवशी दक्षिणेचा वारा वाहू लागला आणि शेगडी पेटवण्याचीही गरज पडली नाही. संध्याकाळी कारागिरांनी आपण होऊन रात्रभर काम करण्याची तयारी दाखवली.

देव नाही म्हणतो तेव्हा

आतापर्यंतचे प्रसंग वाचून तुम्हाला वाटेल, की प्रार्थना केली की हवे ते मिळते, हाच म्युलर यांच्या जीवनाचा बोध. असे समजलात, तर या जीवनाचे मर्म हातातून निसटेल.

त्यांचा लहानगा मुलगा एलायजा १८३५ मध्ये दगावला. १८४४ मध्ये त्यांनी पाच जणांच्या हृदयपरिवर्तनासाठी रोज प्रार्थना सुरू केली. तिघांच्या बाबतीत ती काही वर्षांत फळली. दोघांच्या बाबतीत ३६ वर्षांनंतरही नाही. तरीही त्यांनी ती सोडली नाही. ६ फेब्रुवारी १८७० रोजी, जवळजवळ ४० वर्षांच्या सहजीवनानंतर, मेरीबाई गेल्या. त्या बऱ्या व्हाव्यात अशी त्यांची इच्छा होती, प्रार्थनाही होती. परंतु ज्या देवाने हजारो मुलांसाठी त्यांचे ऐकले, त्याने या वेळी वेगळे ठरवले होते. अंत्यविधीच्या वेळी प्रवचन दुसऱ्या कोणी नाही, स्वतः म्युलर यांनी केले. देव चांगला आहे आणि तो जे करतो ते चांगलेच करतो, हाच त्यांचा विषय होता. मेरीबाईंना त्याने आपल्याला दिले ते चांगले, इतकी वर्षे ठेवले ते चांगले, आणि परत नेले तेही चांगले, असे त्यांनी सांगितले.

देवाकडून मिळत असते तोवर त्याचा अधिकार मान्य करणे सोपे असते. तो नेतो तेव्हाही तोच मालक आहे, असे म्हणणारा खरा भक्त.

भारताशी नाते

वयाच्या ७०व्या वर्षी, जेव्हा माणसे विश्रांती घेतात, म्युलर प्रवचनासाठी जगभर फिरू लागले. १७ वर्षांत त्यांनी ४२ देश पाहिले. भारतातही ते आले. जानेवारी १८९० मध्ये ते जबलपूरला प्रवचने देत असताना तार आली. त्यांचे एकुलते एक उरलेले अपत्य, कन्या लिडिया, ब्रिस्टलमध्ये वारली होती. पिता ८४ वर्षांचे, मायदेशापासून हजारो मैल दूर. त्या आघातातही त्यांनी देवाला दोष दिला नाही.

आपल्या महाराष्ट्रातही या जीवनाचा प्रकाश पोहोचला. पंडिता रमाबाईंनी म्युलर यांची हकिकत वाचली आणि भारतातही केवळ देवावर विसंबून असे कार्य करता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. पुण्याजवळील केडगाव येथे दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांसाठी आणि मुलींसाठी त्यांनी उभारलेले मुक्ती सदन हे जणू त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

१० मार्च १८९८ रोजी सकाळी म्युलर यांनी देह ठेवला. आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी प्रार्थनासभा घेतली होती. अंत्ययात्रेला अवघे ब्रिस्टल लोटले. अर्नोस व्हेल येथील ज्या दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे, तिथेच म्युलरही विसावले आहेत. त्यांच्या हातून देवाच्या कार्यासाठी सुमारे १५ लाख पौंड गेले होते. मागे उरलेली त्यांची स्वतःची मालमत्ता, घरातील सामानसुमान धरून, अवघी १६० पौंडांच्या आसपास होती.

आपण काय घ्यावे?

म्युलर यांच्यासारखे अनाथालय उघडणे प्रत्येकाला जमणार नाही. देवाने ते प्रत्येकाला सांगितलेलेही नाही. परंतु देवाची इच्छा कशी ओळखावी, याची त्यांची रीत आपणही आचरू शकतो. एखाद्या बाबतीत निर्णय घ्यायचा असेल, तर ते आधी स्वतःची इच्छा बाजूला ठेवत. दहा अडचणींतील नऊ इथेच सुटतात, असा त्यांचा अनुभव होता. मग ते धर्मग्रंथ वाचत, परिस्थिती काय सुचवते ते पाहत, प्रार्थना करत, आणि मन शांत राहिले तरच पाऊल उचलत. नुसत्या भावनेवर ते विसंबत नसत. ते आळशीही नव्हते. पत्रे, हिशेब, मुले, प्रवचने यांत त्यांचा दिवस भरलेला असे. काम पूर्ण करायचे आणि काळजी मात्र देवावर सोपवायची, हा त्यांचा क्रम. आपण बहुधा उलटे करतो. काम टाळतो आणि काळजी वाहतो.

आज रात्री झोपण्यापूर्वी एक करून पाहा. तुम्हाला सध्या सर्वांत जास्त ज्या गोष्टीची काळजी वाटते, ती शांतपणे देवापुढे ठेवा. ती अमुक प्रकारेच सुटावी, असा हट्ट धरू नका. उद्या आपल्या वाट्याचे जे काम आहे, ते कोणते, एवढेच विचारा आणि सकाळी उठून ते करा. गुडघे टेकलेल्या एका साध्या माणसाला पाहून तुरुंगवास भोगलेला एक तरुण बदलला. तुमच्या घरातही तुमच्याकडे कोणीतरी पाहत आहे.